जुलिएट्टा स्पायडरचा हरवलेला ओव्हररायडर पितळेत घडवताना

जुलिएट्टा स्पायडर या अल्फा रोमिओच्या जुन्या इटालियन गाडीचा पुढचा बंपर अखंड नसतो. मधे अल्फा रोमिओची ओळखीची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धा बंपर. त्या अर्ध्यावर जो क्रोमचा पोकळ ठोकळा उभा बसतो तो ओव्हररायडर. गाडी लावताना-काढताना पहिला धक्का त्यालाच बसतो, म्हणून साठ वर्षांच्या गाडीवर चारही ओव्हररायडर जागेवर दिसले तर मी मालकाला मनातल्या मनात नमस्कार करतो.

फोंड्याला माझ्याकडे जी गाडी आली ती १९६० ची. ती घेऊन आलेल्या डॉक्टरांच्या सासऱ्यांची. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी माल सहज उतरायचा, त्या काळातली. इंजिन तेच १२९० सीसीचं, वर दोन कॅमशाफ्ट, आणि किल्ली फिरवली की आजही खणखणीत बोलतं. फक्त पुढचा डावा ओव्हररायडर गायब, त्या जागी बंपरला नुसतं भोक. हा एक तुकडा कसा उभा केला ते लिहितोय. गाडी तुमची दुसरी असेल, फियाट असेल, लान्चा असेल, तरी रीत हीच.

आधी विकत मिळतो का बघा

घडवण्याची हौस असली तरी हे आधी विचारायचं. जुलिएट्टा लोकांची लाडकी गाडी, त्यामुळे तिचे नव्याने बनवलेले भाग युरोपात मिळतात. घाई असेल तर मागवून मोकळे व्हा. पण भाडं आणि कस्टम भरून आलेला तुकडा खोक्यातून काढला आणि लावला, असं होईल या भ्रमात राहू नका. या गाड्यांची बॉडी तुरिनला पिनिनफारिनाच्या कारखान्यात बनली आणि तिच्यावर हाताचं काम भरपूर आहे. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. वर मधल्या साठ वर्षांत कुणी ठोकलं, कुणी ओढलं, कुणी पुट्टी भरली. बाहेरून आणलेला भागही शेवटी कानशीने घासूनच बसवावा लागतो. डॉक्टरांनी हिशेब केला आणि म्हणाले, "घासायचाच आहे तर इथेच करूया."

आणखी एक कारण होतं. जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. म्हणून "दुसऱ्या गाडीचा कुठलातरी बसवून टाका" हा सल्ला मी कुणालाही देत नाही. पद्मिनीचे ओव्हररायडर लावलेल्या इटालियन गाड्या मी पाहिल्यात. परक्याचे दात बसवल्यासारखं दिसतं.

भोक आणि पट्टी आधी, आकार नंतर

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. लोक आकारापासून सुरू करतात कारण आकार डोळ्यांना दिसतो. पण ओव्हररायडर वाकडा दिसतो तो बहुतेक वेळा त्याच्या मागची पट्टी वाकडी असते म्हणून. ज्या धक्क्यात तो तुटून पडला, त्याच धक्क्याने बंपरला बॉडीशी धरणारी ती पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, आत ढकलला गेला असणार. वाकड्या ब्रॅकेटवर मापं घेऊन सुंदर तुकडा घडवलात तर तो वाकड्या गाडीचा सुंदर तुकडा होईल. पुढे कुणी ब्रॅकेट सरळ केला की तो जागेवर बसणार नाही.

मापं जमिनीपासून घेऊ नका. जुन्या स्प्रिंगा एका बाजूला बसलेल्या असतात, टायरमधल्या हवेचा फरक पडतो. मापं बॉडीपासून घ्या: हेडलाइटच्या रिंगची खालची कड, मडगार्डचा सांधा, जाळीचं टोक. दोन्ही बाजूंनी त्याच तीन ठिकाणांहून बंपरच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा आणि कागदावर शेजारी शेजारी लिहा. एका अंतरात फरक आला तर मोजण्यात चूक असू शकते. तिन्हींत एकाच दिशेला फरक आला तर ब्रॅकेट वाकलेला आहे, तो आधी सरळ करा. आमच्या गाडीवर डावी बाजू बोटाच्या जाडीइतकी आत गेली होती. गॅसने थोडा ताव देऊन, लांब पाइप घालून हळूहळू ओढली. बंपर काढून ठेवूनच ताव द्या, नाहीतर क्रोम निळा पडतो आणि एका भागाऐवजी दोन भाग करावे लागतात.

आटे मेट्रिक आहेत. ज्यांचा हात अॅम्बेसेडरवर बसलाय ते सवयीने इंची बोल्ट शोधतात. फियाट-पद्मिनीवर काम केलेल्या माणसाला इथे अडचण येत नाही. उजवीकडचा बोल्ट सोडवून पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून बघा, अंदाजाने नट पिळू नका. सोडवण्याआधी आदल्या रात्री तेल मारून ठेवा. खाऱ्या वाऱ्यात राहिलेला बोल्ट पान्याला दाद देत नाही, तुटतो.

उजव्याचा आरसा

उजवा ओव्हररायडर हातात आहे म्हणजे अर्धं काम झालं. पण अर्धंच. तो काढून डावीकडे टेकवून पाहिला तर खालच्या बाहेरच्या कडेला फट पडत होती, कारण बंपर बाहेरच्या बाजूला वळत जातो आणि ओव्हररायडरची मागची कड त्या वळणाबरोबर कापलेली असते. म्हणून नक्कल नको, आरशातलं प्रतिबिंब हवं.

आता हे मोबाइलनेही होतं. चकचकीत क्रोमवर टॅल्कम पावडर मारायची म्हणजे उजेड परावर्तित होत नाही, सगळ्या बाजूंनी स्कॅन करायचं, संगणकात उलटवायचं आणि थ्रीडी प्रिंट काढायची. माझ्या पुतण्याने तसं करून दिलं आणि प्रिंट उत्तम आली. एकच सांगतो: पीएलए या प्लास्टिकची प्रिंट असेल तर मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, साठ अंशांच्या आसपास ते प्लास्टिक मऊ पडून वाकतं. आणि मोबाइलच्या स्कॅनवर कडांच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. पोट बरोबर येतं, कडा विरघळल्यासारख्या येतात. बंपरला टेकणारी कड तर सगळ्यात महत्त्वाची.

म्हणून कडांसाठी जुनी रीतच. ओव्हररायडर सपाट फळीवर उभा केला, मधोमध पेन्सिलने उभी रेघ मारली आणि दर २० मिलिमीटरवर आडवी खूण. प्रत्येक खुणेवर पुठ्ठ्याचा तुकडा कापत कापत असा जुळवायचा की उजेडाची तिरीपही आतून दिसता कामा नये. मागे बॅटरी धरून बघा. पुठ्ठा जुळला की त्याच्यावर नंबर टाका आणि 'आत', 'बाहेर' असं लिहा. मग प्रत्येक पुठ्ठा उलटा करून प्लायवूडवर रेखा. उलटा केला की उजव्याचा डावा झाला, त्याला संगणक लागत नाही.

प्लायवूडवर रेघ मारताना मात्र ती १ मिलिमीटर आत घ्या, कारण या कापांवरून जो फर्मा, म्हणजे तुकड्याचा पक्का आकार, निघेल त्याच्यावर आपण १.२ मिलिमीटरचा पत्रा चढवणार आहोत. उरलेला ०.२ कानशीत आणि पॉलिश पेपरमध्ये जातो. हा मिलिमीटर विसरलात तर तयार तुकडा उजव्यापेक्षा फुगीर दिसेल, आणि गाडी समोरून बघणारा प्रत्येकजण दोन्ही एकाच नजरेत बघतो.

ही प्लायची कापं मधल्या फळीवर ओळीने उभी केली की होडीच्या फासळ्या दिसतात तसं दिसतं. फासळ्यांमधल्या जागा भरायला मी शाडू वापरला. गणपतीच्या चित्रशाळेतून आणला. चतुर्थीच्या आधीच्या दोन महिन्यांत मागायला जाऊ नका, कुणी तुमच्याकडे मान वर करून बघणारही नाही. नंतर गेलात तर बादलीभर आनंदाने देतात. शाडू भरा आणि लोखंडी पट्टीने फासळ्यांच्या कडांवरून ओढून घ्या. ओला आहे तोवरच त्याच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, कारण शाडू वाळला की आकसतो आणि तडे जातात. प्लास्टर ओतण्याआधी शाडूवर आणि प्लायच्या कडांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

प्लास्टर नीट वाळू द्या, मग आत मेण घासा आणि रेझिन व फायबरच्या मॅटचे थर चढवून पक्का फर्मा काढा. मासेमारीच्या होड्यांना फायबर चढवणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर जागोजाग आहेत, मॅट आणि रेझिन त्यांच्या ओळखीने घ्या, म्हणजे ताजं मिळतं. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, मगच दुसरं. हे सगळं पावसाळ्यात करू नका. जुलैत आपल्याकडे प्लास्टर वाळत नाही आणि रेझिन चिकट राहतं. दिवाळीनंतर सुरू करा.

पितळ का

मूळ भाग पोलादी पत्र्याचा, दाबून काढलेला. मी पितळ घेतलं, १८ गेजचं. शुद्धतावादी मंडळी लोहचुंबक लावून नाक मुरडतील, मुरडू दे. पोलाद हाताने एवढं खोल बसवायला फार कष्ट पडतात, आणि समुद्रकाठी आतल्या बाजूने, जिथे क्रोम पोचतच नाही तिथे, ते दोन पावसाळ्यांत गंजायला लागतं. पितळ गंजत नाही, भाजलं की मऊ पडतं आणि कानशीला प्रेमाने साथ देतं. काही जण ओतीव करायला सांगतात, समईसारखं. त्यात दोन अडचणी. ओतीव तुकडा जाड होतो, त्या वजनाने जुना ब्रॅकेट रस्त्यावर थरथरतो. आणि ओतीव कामातली बारीक छिद्रं क्रोम चढल्यावर डोळ्यांत खुपतात.

फर्म्यावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवा, मधल्या कण्यावरून ब्लेडने कापा, सोलून काढा आणि सपाट करा. टेपला कडेने चिरा द्याव्या लागतील, तेव्हाच ती सपाट होते. तो झाला तुमचा कापण्याचा नमुना. त्याच्याबाहेर बोटभर जागा सोडून पत्रा कापा. दोन अर्ध्या वाट्या करायच्या, डावी आणि उजवी, सांधा कण्यावर. एकाच पत्र्यातून खोल आकार काढायला गेलात की कुठेतरी फाटतोच.

पहिली वाटी मी डिचोलीच्या एका म्हाताऱ्या कासारकाकांपुढे बसून ठोकली. त्यांचं आयुष्य भांड्यांत गेलं. वाळूची पिशवी मांडली, लाकडी मोगरी हातात दिली आणि मी दोन-चार ठोके मारले तोच म्हणाले, "तूं घाई करता. पितळ करिना." बरोबर होतं. पितळ ठोकता ठोकता कडक होतं, आणि ते कळतं कानाला. सुरुवातीला ठोक्याचा आवाज बद्द येतो, मग हळूहळू तो वाजायला लागतो. वाजायला लागला की थांबायचं आणि ताव द्यायचा. अंधाऱ्या कोपऱ्यात गॅस मारा, कारण उन्हात रंग कळत नाही. पत्रा मंद लाल दिसला की पुरे, मग पाण्यात सोडा. लाल उजळून केशरी झाला तर तुम्ही पुढे गेलात. जास्त तापवलेल्या पितळेचा कण मोठा होतो आणि पुढच्या ठोक्याला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत येतो. तापवलं की काळी साय चढते, ती चिंचेच्या पाण्याने निघते.

कडेपासून आत, गोल गोल, प्रत्येक ठोका मागच्या ठोक्यावर थोडा चढलेला. मध्यावर एकदम जोरात मारायचा मोह होतो. तिथे पत्रा पातळ होतो आणि कडेला सुरकुत्या उरतात. थोडं ठोका, फर्म्यावर ठेवून बघा, फर्म्याला निळा खडू फासून ठेवा, म्हणजे कुठे टेकतं ते वाटीच्या आत उमटतं. फर्मा तपासायला आहे, त्याच्यावर जोरात ठोकायला नाही, फायबर तडकेल. आकार जुळत आला की मोगरी बाजूला ठेवून गुळगुळीत तोंडाच्या लोखंडी हातोडीने छोट्या ऐरणीवर मठारायचं, म्हणजे हलक्या ठोक्यांनी सपाट करायचं. इथे काका स्वतः बसले. त्यांचे ठोके हलके, एकसारखे, हातोडी जणू स्वतःच उसळते आहे. पत्र्याखाली बोट धरून डोळे मिटून फिरवत होते. खळगा बोटाला आधी लागतो, डोळ्याला मागाहून दिसतो.

सांधा

दोन वाट्या कण्यावर अशा घासा की उजेडाकडे धरल्यावर सांध्यातून किरण येऊ नये. तारेने बांधा, सवागीचा (टाकणखाराचा) लेप लावा आणि चांदीच्या काडीने झाळा. वेल्डिंग नको, पितळेतलं जस्त पेटतं, पांढरा धूर होतो, भोकं पडतात आणि तो धूर अंगालाही वाईट. चांदीचा टाका सांध्यात आपोआप ओढला जातो, पण फट केसाएवढीच हवी. रुंद फट टाक्याने भरलीत तर आज दिसणार नाही. बफिंगच्या वेळी टाका आणि पितळ सारखे झिजणार नाहीत आणि कण्यावर रेघ उठेल. कितीही क्रोम चढवा, ती झाकणार नाही.

आतून ३ मिलिमीटरची पितळी पट्टी आडवी झाळा आणि नट तिला थेट न झाळता एका छोट्या पिंजऱ्यात बसवा, असा की तो तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकू शकेल पण फिरणार नाही. मूळ गाडीत असं नव्हतं. पण हा थोडा सरकाव शेवटच्या दिवशी तुमची लाज राखतो. खालच्या टोकाला पाणी जायला एक बारीक भोक पाडा. ते प्लेटिंगलाही लागतं, नाहीतर टाकीतलं आम्ल आत साचून नंतर क्रोमवर डाग होऊन बाहेर येतं.

मग कच्चाच गाडीवर चढवा. पिवळाधमक दिसतो, बघायला येणारे हसतात. मागची कड बंपरला खडू लावून लावून घासत जुळवा, मधे रबराची बीडिंग येणार तिची जाडी सोडून. पाच पावलं मागे जाऊन उकिडवे बसा आणि जाळीच्या समोरून बघा. आमच्याकडे माप बरोबर असूनही डावा किंचित बाहेर झुकल्यासारखा दिसत होता, कारण डाव्या मडगार्डची रेघच कधीतरी बदललेली. फूटपट्टी बाजूला ठेवली आणि कड एका बाजूने कानसली, डोळ्याला पटेपर्यंत. गाडीला जुळायला हवं, आकड्याला नव्हे. डॉक्टरांच्या सौ. नी येऊन "आता सरळ दिसतो" म्हटलं तेव्हा मी कानस ठेवली.

क्रोम

पुट्टी अजिबात नको. पुट्टीतून वीज जात नाही, तिच्यावर काही चढत नाही. जे काही आहे ते धातूतच सपाट करायचं: बारीक कानस, मग १२०, २२०, ४००, ६०० चा पेपर, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांच्या आडवं. क्रोम खळगे झाकत नाही, उलट जाहीर करतो. क्रोमचा थर स्वतः एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खरं संरक्षण त्याच्या खालच्या निकेलचं. म्हणून प्लेटिंगवाल्याशी बोलताना चकाकीबद्दल बोलू नका, निकेलबद्दल बोला. तांबं चढवून बफ, मग निकेल वीस-पंचवीस मायक्रॉन, मग क्रोम, असं कागदावर लिहून द्या. एका ठिकाणी मला "हो, करतो" म्हणून नुसत्या पातळ निकेलवर क्रोम मारून दिलेला दुसऱ्या गाडीचा भाग एका पावसात पिवळट ठिपक्यांनी भरला होता, तेव्हापासून मी लिहूनच देतो. आम्ही चोर्ला घाट चढून बेळगावला गेलो. तुम्हाला सोयीचं असेल तर कोल्हापूर.

जाताना उजवा ओव्हररायडरही बरोबर न्या. एकाच टाकीत, एकाच दिवशी दोन्ही चढले तरच रंग जुळतो. नवी त्रिसंयोजी क्रोमची (कमी विषारी रसायनाची) पद्धत आणि जुनी पद्धत यांच्या झाकेत फरक असतो, जुनी किंचित निळसर. शेजारी शेजारी लावले की तो फरक लगेच उठून दिसतो. बफिंगवाल्याला कडेवर टेप लावून दाखवा, "इथे हात हलका." बफच्या चाकाला कडा खायची फार आवड असते, आणि आपण उजेड धरून जुळवलेली कड तो मिनिटभरात गोल करतो.

बसवणं

पितळ आणि बंपरचं पोलाद खाऱ्या हवेत एकमेकांना लागू देऊ नका, पोलाद खाल्लं जातं. मधे रबराची बीडिंग, बोल्टला नायलॉनचा वॉशर, आटे ग्रीसमध्ये बुडवून. आतल्या पोकळीत मेणाचा जाड फवारा मारा. बोल्ट आधी हाताने, मग नट पिंजऱ्यात सरकवत डोळ्याने जुळवा, आणि मग स्प्रिंग वॉशरवर आवळा. बेताने आवळा, पितळी पट्टी पोलादासारखा जोर सहन करत नाही. फोंडा-मडगाव रस्त्यावर एक फेरी मारून आलात की पुन्हा पान्याने तपासा, बीडिंग दबते आणि बोल्ट थोडा सैल होतो. मिरामार किंवा कळंगुटला गाडी नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने बंपरची मागची बाजूही धुवा आणि खालचं ते बारीक भोक मातीने बुजलं नाही ना, ते काडी घालून बघा.